काटा कोणाच्या हाती?



मोंढ्यात माल नेणाऱ्याला काट्याचे महत्त्व शिकवावे लागत नाही. कापूस असो की मोसंबी, भाव ठरला तरी झगडा संपत नाही. कटती किती, तोलाई किती आणि मुख्य म्हणजे काटा कोणाचा, यावर हातात पडणारी पट्टी ठरते. आता घराघरांत आणि पिठाच्या गिरण्यांवर, वेल्डिंगच्या दुकानांवर विजेचा नवा काटा येतो आहे. त्याचे नाव स्मार्ट मीटर. मोजून घ्यायला आणि मोजून द्यायला शेतकरी कधी नाही म्हणाला नाही. काटा तपासण्याचा हक्क आपल्याला आहे की नाही, एवढेच विचारायचे आहे.

आधी पैशाचे पाहू. ऑगस्ट २०२३ मध्ये महावितरणने सुमारे २ कोटी २५ लाख मीटरची कामे ठेकेदारांना दिली. रक्कम सुमारे २७ हजार कोटी रुपये. भागाकार शाळकरी पोरगाही करील : मीटरमागे १२ हजार. जालना ज्यात येते त्या छत्रपती संभाजीनगर परिमंडलाचे काम, लातूर-नांदेडसह, एनसीसी कंपनीकडे गेले. या १२ हजारांत नुसती डबी नाही, संपर्कयंत्रणा आणि काही वर्षांची देखभालही आहे, हे मान्य. केंद्राचे मूळ अनुदान मीटरमागे ९०० रुपयांपर्यंत. ग्राहकाकडून मीटरचे पैसे घेणार नाही, असे सांगितले जाते. बरोबर आहे, मीटर म्हणून घेणार नाहीत. पण उरलेला खर्च कंपनीच्या हिशेबात चढेल आणि वीज नियामक आयोगापुढे दरवाढीच्या मागणीत उभा राहील. फुकट म्हणून मिळालेल्या वस्तूची किंमत शेतकऱ्याने पूर्वीही दामदुपटीने मोजली आहे.

योजना मुळात प्रीपेडची होती. आधी पैसे भरा, मग दिवा लावा. लोक चिडले तेव्हा जून २०२४ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सर्वसामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही, असे जाहीर केले. पुढे तेच तंत्र पोस्टपेड म्हणून, टीओडी मीटर या नावाने येऊ लागले. यात एक गोष्ट नीट समजून घ्या. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडायची तर १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. स्मार्ट मीटरची वीज दूरच्या कार्यालयातून बटण दाबून तोडता येते. उत्तर प्रदेशात १२ ऑगस्ट २०२० रोजी, ऐन जन्माष्टमीला, अशा लाखाहून जास्त घरांची वीज एकदम गेली. चूक यंत्रणेची होती, अंधार लोकांच्या घरात झाला.

आता पंपाकडे चला, कारण खरी गंमत तिथे आहे. घरातल्या चार दिव्यांसाठी १२ हजारांचा मीटर, आणि विहिरीवरच्या पाच अश्वशक्तीच्या पंपाला लाखो ठिकाणी मीटरच नाही! अश्वशक्तीवर अंदाजाने युनिट लिहायचे, ही चाल जुनी. जिथे मीटर आहे तिथेही तो बंद, किंवा वाचायला कोणी येत नाही. हा अंदाज फुगवलेला आहे, हे शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे सांगितले. शेवटी मार्च २०२० च्या दर आदेशात खुद्द नियामक आयोगाने शेतीचा वापर कमी धरला आणि त्या प्रमाणात कंपनीची गळती वाढवून मांडली. म्हणजे चोरी आणि गळती दुसरीकडची, खतावणी आमच्या नावाची.

कोणी म्हणेल, २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंत बिल माफ आहे, तुम्हाला काय त्याचे? बिल शून्य आले म्हणून हिशेब शून्य होत नाही. त्या अंदाजावर सरकार वर्षाला १४ हजार कोटींहून जास्त रक्कम देते आणि "शेतकऱ्याला फुकट वीज" म्हणून शहरात बोंब आमच्या नावाने होते. मोजायचेच असेल तर आधी तिथे मोजा. प्रत्येक रोहित्रावर मीटर बसवा आणि महिन्याचा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. रोहित्रातून किती गेली आणि बिलात किती लागली, हे गाव स्वतः पाहील.

दिवसा सवलत, हेही ऐका. जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या घरगुती वापराला युनिटमागे ८० पैशांपासून सवलत जाहीर झाली. त्या वेळी आपले घर कुलूपबंद आणि घरची माणसे शिवारात. दिवसाची वीज स्वस्त असते, हे पंपाला रात्रीची वीज देणाऱ्यांना इतकी वर्षे कोणी सांगितले नव्हते वाटते.

बैठकीला येताना नवा मीटर लागलेल्यांनी आधीच्या १२ महिन्यांची आणि नंतरची सगळी बिले आणावीत. मीटर बदलताना जुन्या मीटरचा शेवटचा आकडा सहीनिशी लिहून घ्यावा, त्याचा फोटो ठेवावा. बिल वापराशी जुळत नसेल तर लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. २०२४ च्या वीज ग्राहक हक्क दुरुस्ती नियमांप्रमाणे अशा तक्रारीनंतर ५ दिवसांत कंपनीने दुसरा मीटर जोडून किमान ३ महिने वापर पडताळून पाहायचा आहे. हा नियम कार्यालयात कोणी आपणहून सांगणार नाही. तक्रारीचा नमुना अर्ज बैठकीत मिळेल. आठही तालुक्यांतले अर्ज एकाच दिवशी द्यायचे का, ते तिथेच ठरवू.