थेंब वाचवावा, पोलाद जाळू नये

काटकसर हा गुण खरा. परंतु ती कोठे करावयाची याचे तारतम्य सुटले की तोच गुण नुकसानीचे कारण ठरतो. पोलादाच्या ग्राइंडिंगमध्ये लागणाऱ्या कूलंटबाबत नेमके हेच घडते. कोठे कूलंट पाण्यासारखे वाहू दिले जाते, तर कोठे चार पैसे वाचविण्यासाठी त्याची धार जवळजवळ बंदच केली जाते. पहिल्या ठिकाणी तेल-पाण्याची नासाडी होते, दुसऱ्या ठिकाणी पोलादाची.

वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील तळेगाव (श्यामजी पंत) हे नागपूर-अमरावती महामार्गावरील गाव. एका बाजूला शेती आणि दुसऱ्या बाजूला अहोरात्र धावणारी वाहने, अशा गावांत ट्रॅक्टर वा ट्रकचा क्रँकशाफ्ट झिजणे ही केवळ यंत्राची नव्हे, तर एका कुटुंबाच्या हंगामाची अडचण असते. तो घासून पुन्हा बसविताना जळला, तर दोष वरून दिसत नाही. काही महिन्यांनी ऐन पेरणीत तडा गेल्यावरच तो उघड होतो आणि तोवर वर्कशॉपवाल्याला जाब विचारण्याची वेळ टळलेली असते.

पोलाद जळते म्हणजे काय होते? ग्राइंडिंगमध्ये खर्च होणाऱ्या शक्तीचे जवळजवळ पूर्णपणे उष्णतेत रूपांतर होते. नेहमीच्या अ‍ॅल्युमिना चाकाने काम करताना या उष्णतेचा मोठा वाटा जॉबमध्येच शिरतो. त्यामुळे कठीण केलेला पृष्ठभाग मऊ पडतो. तापमान सातशे अंशांच्या पुढे गेले तर वरचा पातळ थर पुन्हा कडक व ठिसूळ होतो आणि सूक्ष्म तडे जातात. म्हणूनच लेथवरील काही कामे कोरडी करता येत असली, तरी ग्राइंडिंगला तोच नियम लावणे धोक्याचे आहे.

मग कूलंट कमी करावयाचे कसे? प्रथम एक भेद लक्षात घेतला पाहिजे. पंपातून मिनिटाला किती लिटर जाते हा खरा वापर नव्हे. ते द्रव टाकीत परत येतेच. खरा वापर होतो तो बाष्पीभवनाने, जॉबबरोबर व किसाबरोबर वाहून जाण्याने आणि सर्वांत अधिक म्हणजे खराब झालेली टाकी ओतून देण्याने. दोनशे लिटरच्या टाकीत ५ टक्के तेल असेल तर प्रत्येक वेळी १० लिटर तेल आणि १९० लिटर पाणी फेकले जाते. टाकीचे आयुष्य दुप्पट झाले की ही नासाडी निम्मी होते. त्यासाठी लोहचुंबकी विभाजकाने कीस काढणे, वर तरंगणारे यंत्राचे तेल उपसणे आणि तेलाचे प्रमाण रिफ्रॅक्टोमीटरने मोजणे पुरेसे आहे. यांत परदेशी यंत्राची गरज नाही, शिस्तीची आहे.

दुसरी बाब धारेची. सेकंदाला ३० मीटर वेगाने फिरणारे चाक आपल्याभोवती हवेचे कवच ओढून घेते. मंद धार त्यावर आपटून उडून जाते आणि घर्षणाच्या जागी पोहोचतच नाही. एक बार दाबाने धारेचा वेग जेमतेम १४ मीटर होतो. चाकाच्या वेगाची बरोबरी करण्यास सुमारे साडेचार बार लागतात. या वेगाने ४ मिलिमीटर तोंडाच्या नोझलमधून मिनिटाला वीस-बावीस लिटर द्रव जाते. रुंद नळीतून निष्काळजीपणे सोडलेल्या लोंढ्यापेक्षा नेमक्या जागी रोखलेली अशी धार कमी द्रवात अधिक थंडावा देते. चाकाचे ड्रेसिंग वेळेवर केले, तर मुळात उष्णताच कमी निर्माण होते.

ताशी काही दशक मिलिलिटर तेल हवेबरोबर फवारण्याच्या पद्धतीचा आज बराच बोलबाला आहे. ती वंगण उत्तम पुरविते, पण थंडावा फारच कमी देते. हलक्या कामास ती उपयोगी पडेल. खोल कापाच्या कामात तिच्यावर विसंबणे योग्य नव्हे. गावचे तेल वापरून स्वदेशीचा अभिमान मिरविणाऱ्यांनीही सावध राहावे. जवसाचे कच्चे तेल हवेत वाळून चिकट होते. वनस्पतितेलांवर योग्य प्रक्रिया केली तरच ती यंत्रास मानवतात. स्वदेशीला प्रयोगशाळेची परीक्षा टाळता येत नाही.

हा प्रश्न पैशांचा आहेच, पण त्याहून अधिक कामगाराचा आहे. कुजलेल्या कूलंटने हातांना इसब होतो आणि त्याचा फवारा श्वासावाटे आत जातो. वापरलेले तेलकट द्रव २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. ते नाल्यात ओतणे म्हणजे शेजाऱ्याच्या विहिरीत ओतणे होय. विदर्भासारख्या पाण्याची चणचण असलेल्या प्रदेशात तर हा अपराधच म्हणावा लागेल.

वर्ध्यातच १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचे धुरीण जे. सी. कुमारप्पा यांनी संपणाऱ्या साठ्यावर आधारलेली अर्थव्यवस्था आणि अखंड प्रवाहावर आधारलेली अर्थव्यवस्था यांत भेद केला. खनिज तेल हा साठाच आहे. त्याचा एकेक थेंब मोजून वापरण्याचे शिक्षण प्रत्येक आयटीआयने प्रात्यक्षिकासह द्यावे आणि लघुउद्योगांच्या संघटनांनी रिफ्रॅक्टोमीटरसारखी साधने सामायिक वापरासाठी उपलब्ध करून द्यावीत. अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. काटकसरीला ज्ञानाची जोड मिळाली, तर थेंबही वाचेल आणि पोलादही.