जी कॉर्डला कुठली बोटे?



दिवाळीच्या कार्यक्रमात यंदा पेटी-तबल्याबरोबर गिटारही असावी असे ठरले, आणि तेव्हापासून आपल्या वर्गात एक वाद चालू आहे. जी कॉर्ड धरताना बोटे कशी ठेवायची? काही पालकांचे म्हणणे असे की पुस्तकात जे चित्र छापले आहे तेच खरे, मुलांना दुसरे काही दाखवूच नये. आम्हांला हे पटत नाही. वाद क्षुल्लकही वाटत नाही. आपल्या मरीनातल्या घरांत कपाटामागे उभ्या असलेल्या गिटारी आम्ही पाहिल्या आहेत. मुलाला कॉर्ड्स येतात, पण एकीवरून दुसरीवर जाताना गाणे थांबते. मग घरचे म्हणतात, याला तालच नाही, आणि गिटार कपाटामागे जाते.

पुस्तकातले चित्र खोटे नसते. पण ते एकाच कॉर्डचे असते, आणि गाणे अडते ते दोन कॉर्ड्सच्या मधे. पेटी शिकलेल्या आईबाबांना हे सांगायला नको. एखाद्या स्वरावर कुठले बोट टाकायचे हे पुढे कुठल्या स्वरावर जायचे त्यावर ठरते. गिटारचेही तसेच.

जी घ्या. सहाव्या म्हणजे सर्वांत जाड तारेवर तिसरा पडदा, पाचवीवर दुसरा, आणि सर्वांत बारीक पहिल्या तारेवर पुन्हा तिसरा. अनेक पुस्तकांत त्यासाठी अनुक्रमे मधले बोट, तर्जनी आणि अनामिका दाखवतात. याच जागा अनामिका, मधले बोट आणि करंगळी यांनीही धरता येतात. पुढे सी येणार असेल तर ही दुसरी पद्धत घ्यावी. अनामिका आणि मधले बोट जोडीने शेजारच्या तारेवर सरकतात, पडदे तेच राहतात. करंगळी उठते आणि मोकळी असलेली तर्जनी दुसऱ्या तारेवर पहिल्या पडद्यात बसते. पुढे डी असेल तर मात्र पुस्तकातली पद्धत बरी, कारण अनामिका त्याच पडद्यात पहिल्या तारेवरून दुसरीवर येते.

ए मेजरची गंमत याहून मोठी. दुसऱ्या पडद्यात चौथ्या, तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेवर तर्जनी, मधले बोट, अनामिका अशी ओळीने बसवली की कशी शिस्तीत दिसतात! पण तर्जनी आणि मधल्या बोटाची अदलाबदल करून बघा. तर्जनी आता तिसऱ्या तारेवर आहे. डी वाजवायची तर ती तिथेच राहते, उचलावीच लागत नाही. ई वाजवायची तर त्याच तारेवर एक पडदा मागे घसरते. हात जरा वाकडा दिसतो खरा. दिसू दे.

दोन पद्धतींनी नवशिके गोंधळतात, हा आक्षेप आम्हांला मान्य आहे. पहिले काही आठवडे एकच ठेवा. करंगळी दुबळी असते हेही खरे, पण वापरल्याशिवाय ती बळकट कशी होणार? अगदी लहानांनी तर पहिल्या तारेवर तिसऱ्या पडद्यात एकच बोट ठेवून बारीक चार तारा छेडाव्यात. तीही जीच असते. जँगो राइनहार्ट या विख्यात जॅझ गिटारवादकाचा डावा हात १९२८ साली आगीत भाजला आणि अनामिका व करंगळी जवळजवळ निकामी झाल्या. उरलेल्या दोन बोटांवर त्याने आपली स्वतःची पद्धत बसवली. पुस्तकातल्या चित्रावर तो अडून बसला असता तर?

आणखी एक. गिटारच्या पुस्तकात एक नंबर म्हणजे तर्जनी, कीबोर्डच्या पुस्तकात एक नंबर म्हणजे अंगठा. आपल्यातली काही मुले दोन्ही शिकतात आणि 'दोन नंबर' म्हटले की थबकतात. म्हणून वर्गात तर्जनी, मधले बोट, अनामिका, करंगळी असेच म्हणावे. हे केवळ मराठीच्या प्रेमापोटी नाही (थोडे तेही आहे), सोयीसाठी आहे. आणि बघा, जिला नावच नाही त्या अनामिकेला इथे केवढे काम!

तेव्हा आमची सूचना अशी. कार्यक्रमाच्या गाण्यांचे कागद झेरॉक्स होऊन आले की प्रत्येक जीखाली 'अ' किंवा 'म' लिहावे, म्हणजे जाड तारेवर अनामिका की मधले बोट ते कळेल. हे अक्षर बाईंनी किंवा आईबाबांनी लिहू नये. मुलांनी पुढची कॉर्ड बघून स्वतः लिहावे, आणि पेन्सिलीनेच, कारण तालमीत ते दोनतीनदा तरी बदलणार आहे.