टाक आपणच तोडावा : जांबेपासून कळफलकापर्यंत

१/ जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात जांब समर्थ हे गाव आहे. समर्थ रामदासांचा जन्म येथे १६०८ साली झाला. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे, हे मात्र थोड्यांच्याच ध्यानी असते. कळफलकाची ही कथा तेथूनच सांगावीशी वाटते.

२/ त्या समासात अक्षरांची गोलाई व ओळींची समता यांबरोबर बोरू आणि टाकाची नाना प्रकारची तोडणीही येते. अर्थात साधन लिहिणाऱ्याने आपल्या हाताशी जुळवून घ्यावयाचे.

३/ यंत्रयुगात ही तोडणी कारखान्याकडे गेली. १८७८ च्या ‘रेमिंग्टन क्रमांक २’ या टंकयंत्रात शिफ्ट आली. स्वतः काही न उमटवता दुसऱ्या कळीचा अर्थ पालटणारी ही कळ. संगणकावरील कंट्रोल व ऑल्ट हे तिचेच वंशज.

४/ मराठी माणसास ही कल्पना परकी वाटू नये. काना, वेलांटी, रफार हेही अक्षराला जोडूनच काम करतात. १९९१ च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकातील इन्स्क्रिप्ट कळफलकात क च्या कळीवर शिफ्टसह ख येतो, ग वर घ, त वर थ. वर्णमालेची शिस्तच तेथे बोटांखाली मांडली आहे.

५/ तसेच र च्या कळीवर शिफ्टसह ऱ. ‘आचार्यास दक्षिणा द्या’ म्हटले तर ती गुरूला मिळते. ‘आचाऱ्यास’ म्हटले तर स्वयंपाक्याला. दोहोंत अंतर एका शिफ्टचे.

६/ रोमन अक्षरांतून मराठी टंकणे शिकायला सोपे आहे, हे मान्य. परंतु तेथे र की ऱ हा निर्णय पुष्कळदा यंत्राच्या अंदाजावर सोडला जातो. जुने कागद टंकून जतन करू पाहणाऱ्याने तो सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

७/ आपल्या संपादकात कळजोड्याही स्वतः ठरवाव्यात. ईमॅक्समध्ये कंट्रोल-सी नंतरचे एक अक्षर वापरकर्त्यासाठीच राखून ठेवलेले आहे. ‘सुहूर सन’ वारंवार लिहावे लागत असेल, तर ते तेथे बांधावे. मात्र जतन करणे, शोधणे अशा रुळलेल्या कामांच्या जोड्या मोडू नयेत. नाहीतर सवयीचे बोट भलतेच काम करून बसते.

८/ आज एवढेच करा : इन्स्क्रिप्ट सुरू करून ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द लिहा. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरांतल्या. दोन्ही नीट उमटले, की तुमचा टाक तोडून झाला.