पाटीवर सरकारची सक्ती, संकेतस्थळावर कुणाची?

गेल्या दिवाळीत सासुरवाडीला गेलो होतो. सासुरवाडी म्हणजे सदलगा. चोर्ला घाट चढून बेळगाव, तिथून निपाणी आणि मग दूधगंगेच्या बाजूला, उसाच्या मुलखात. मेहुण्याचे गुऱ्हाळ आहे. गरम काकवीची वाटी हातात घेऊन बसलो होतो, तेवढ्यात त्याने मोबाईल पुढे केला.

"दाजी, वेबसाईट काढलीया. बघा की."

बघितली. वरपासून खालपर्यंत इंग्रजी! 'वेलकम टू अवर वेबसाईट.' त्याखाली 'लीडिंग मॅन्युफॅक्चरर ॲण्ड एक्स्पोर्टर.' ज्याची ढेप आजवर चिकोडी, निपाणी आणि कोल्हापूरच्या पलीकडे गेली नाही, तो एक्स्पोर्टर! फोटोत कुठलेसे गोरे कुटुंब दात काढून हसते आहे. काहील नाही, चिपाडांचा ढीग नाही, पहाटे चारला उठणारा गुळव्या नाही. आणि सगळ्यात ठळक अक्षरांत 'ऑथेंटिक कोल्हापुरी जॅगरी'.

"मराठी का नाही रे?" मी विचारले.

"विंग्लिश असल्याबिगर मोठं वाटत न्हाई, दाजी."

हाच मेहुणा तासभर आधी दुकानाच्या पाटीवरून तावातावाने बोलत होता. कर्नाटकाने २०२४ मध्ये कायदा दुरुस्त केला आणि पाटीवर ६० टक्के कन्नड, तेही वरच्या अर्ध्या भागात, असे ठरवले. मराठी कुठे कोंबायची, हा त्याचा सवाल, आणि तो रास्तच आहे. १९५६ पासून त्या घराने हा प्रश्न जेवणाच्या ताटावर वाढून घेतला आहे. महाजन आयोग झाला, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात दावा आहे. पण मंडळी, पाटीवर सरकारची सक्ती आहे, हे मान्य. संकेतस्थळावर कुणाची होती? तिथे टक्केवारी मोजायला कोणी फूटपट्टी घेऊन आला नव्हता. पूर्ण मोकळे मैदान मिळाले, आणि त्याने त्यात मराठीला शून्य टक्के दिले. कन्नडलाही शून्य!

गोंयकारांनी हसू नये. १९८७ च्या राजभाषा कायद्यावरून आपण आजही सभेत घसा कोरडा करतो आणि घरी येऊन दुकानाचे, लग्नाच्या हॉलचे, क्लासचे पान इंग्रजीत छापून मोकळे होतो. मी स्वतः खात्यात दिवसभर टिपण्या लिहितो, त्या कोणत्या भाषेत ते विचारू नका. पण माझी नोकरी सरकारची आहे. मेहुण्याचा गूळ त्याचा स्वतःचा आहे.

इंग्रजी नकोच, असे मी म्हणत नाही. असू द्या एक पान, बेंगळुरूच्या गिऱ्हाईकासाठी. पण आधी हे ठरवा की विकत कोण घेणार आहे? चवथीच्या आधी फोंड्याची बाई पातोळ्यांना आणि मणगण्याला गूळ शोधते. तिचे प्रश्न साधे असतात. ढेप केवढ्याची? या हंगामातला आहे की जुना? रंग यावा म्हणून पावडर घातली आहे का? भेंडीच्या रसाने मळी काढता की आणखी कशाने? पावसात पाठवलात तर पाझरणार नाही ना? पैसे आधी की नंतर? चिकोडीचा किराणावाला हेच कन्नडमध्ये विचारतो. मेहुण्याच्या त्या चकचकीत पानावर यातल्या एकाचेही उत्तर नव्हते! त्याला फोनवर रोज हेच प्रश्न येतात, आणि तो उत्तरेही झकास देतो. ती वहीत उतरवली असती तर अर्धे संकेतस्थळ एका संध्याकाळी फुकट झाले असते.

आता त्या 'कोल्हापुरी'चे. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते कोल्हापूर जिल्ह्याचे. चपलेचे तसे नाही. तिच्या २०१९ च्या मानांकनात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत, त्यात बेळगावही आहे. म्हणजे चपलेने सीमा ओलांडली, गुळाला ती ओलांडता आली नाही. दूधगंगा कोल्हापुरातूनच वाहत येते, हे कबूल, पण कागद कागद असतो, हे कारकुनाला कोणी शिकवू नये. २०२५ च्या जूनमध्ये मिलानला प्राडाने आपल्यासारखी चप्पल नुसती 'लेदर सँडल' म्हणून दाखवली तेव्हा आपण केवढे खवळलो! त्यांनी आपले नाव गाळले. इथे आपण दुसऱ्याचे नाव चिकटवतो आणि स्वतःचे गाळतो. सदलग्याचा गूळ म्हणायला लाज कसली वाटते?

मराठीत टंकायला येत नाही, ही सबब तर आता सांगूच नका. वीस वर्षांपूर्वी फॉन्टची भांडणे होती, एकाच्या संगणकावरचे दुसऱ्याकडे चौकोन दिसायचे. तेव्हा आमच्यापैकी कितीतरी जण 'बरह' वापरून मराठी लिहायचे. ते १९९८ मध्ये एका कन्नडिगाने कन्नडसाठी बनवलेले. सीमाप्रश्नावरचे किती जळजळीत मराठी लेख त्यातून टंकले गेले असतील, देव जाणे! देवनागरीतले '.भारत' हे नाव २०१४ पासून मिळते. आज तर मोबाईलला बोलून सांगितले तरी तो मराठी लिहितो.

असो. त्या रात्री आम्ही दोघे दोनशे पानी वही घेऊन बसलो. मेहुणा बोलत गेला, मी लिहीत गेलो. नववीतल्या भाचीने कन्नड केले, ती कन्नड शाळेत जाते. 'कोल्हापुरी' काढायला मेहुण्याने सर्वात जास्त वेळ घेतला. गुळव्याचा फोटो घेतला, तर तो म्हणाला, आधी अंघोळ करून येतो.

सकाळी संकेतस्थळ करणाऱ्या पोराला फोन लावला. तीन भाषांचे जादा पैसे पडतील म्हणाला. ठीक, देऊ. मग कळले की संकेतस्थळाचे नाव त्याने स्वतःच्याच नावावर नोंदवले आहे. दुकानाचा सातबारा शेजाऱ्याच्या नावावर असावा तसे! "ते राहू दे हो, मी आहे ना," म्हणाला. नूतनीकरण मार्चमध्ये आहे. मी दर रविवारी मेहुण्याला फोन करतो, आणि दर रविवारी तो म्हणतो, "उद्या सांगतो त्येला, दाजी."