आदेश हाती, पत्ता बेपत्ता

पालक व पाल्य अधिनियम, १८९० हा कायदा आजही देशात लागू आहे. मूल न्यायालयापुढे हजर करण्याचा आदेश एखाद्याने पाळला नाही, तर त्याला शंभर रुपयांपर्यंत दंड करावा. हट्ट चालूच राहिला तर पुढील प्रत्येक दिवसामागे दहा रुपये, पण एकंदर पाचशे रुपयांच्या वर नाही, असे या कायद्याचे पंचेचाळिसावे कलम सांगते. मूल हजर करण्याची हमी मिळेपर्यंत त्या व्यक्तीला दिवाणी कारागृहात ठेवण्याची तरतूदही त्यात आहे. शंभर रुपये ही १८९० साली जरब बसवणारी रक्कम होती. आज विभक्त दांपत्याच्या खटल्यात एका तारखेला येणाऱ्या खर्चापुढेही ती नगण्य ठरते. आणि कारागृहात ठेवायचे तर त्याआधी माणूस सापडावा लागतो.

अडचण नेमकी तेथेच आहे. आपल्या कौटुंबिक न्यायालयांत मुलांच्या भेटीचे आदेश रोज निघतात. मूल एका पालकाकडे राहते; दुसऱ्याला महिन्यातले दोन शनिवार, दिवाळीच्या सुट्टीचा निम्मा भाग, वाढदिवशी दोन तास असे काही ठरते. काही महिने सारे सुरळीत चालते. मग एका शनिवारी दाराला कुलूप दिसते. घरमालक सांगतो की खोली सोडली. दूरध्वनी बंद असतो. शाळेत चौकशी केली तर दाखला नेल्याचे कळते. ज्याच्या हाती न्यायालयाचा शिक्का मारलेला आदेश आहे, त्या पालकाला तो कोणावर बजवायचा हेच ठाऊक नसते.

याची दुसरी बाजूही तितकीच दुखरी आहे. अनेकदा बेपत्ता होणाऱ्या पालकाने मूल नेलेले नसते, मागे टाकलेले असते. ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातून सुरतच्या यंत्रमागांवर गेलेला बाप पैसे पाठवणे थांबवतो आणि मग त्याचा ठावठिकाणाच लागत नाही. परदेशी नोकरीला गेलेला पती पत्ता बदलतो. मुलाची फी, आजारपण, नावनोंदणी हे सारे एकट्या आईवर येते. भेटीचा हक्क आपण पालकाचा हक्क म्हणून मोजतो. पण या मुलालाही वडील दिसण्याचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये दिलेल्या एका निर्णयात हेच सांगितले. आईवडील वेगळे झाले तरी दोघांचे प्रेम मिळणे हा मुलाचा हक्क आहे आणि प्रत्यक्ष भेटीइतकाच रोजच्या संभाषणाचा, म्हणजे संपर्काचा हक्कही महत्त्वाचा आहे, असे न्यायालय म्हणाले. तत्त्व स्पष्ट आहे, पण ते अमलात कोणी व कसे आणायचे हे कोणी सांगितलेले नाही.

जिल्हाधिकारी म्हणून काम करताना माझ्यासमोर असे अर्ज नियमितपणे येत. अर्जदार न्यायालयाच्या आदेशाची प्रत जोडून लिहीत, ‘साहेब, एवढा पत्ता काढून द्या.’ असे अर्ज मी पोलीस अधीक्षकांकडे पाठवी आणि काही आठवड्यांनी ठरावीक मजकुराचे उत्तर येई : बाब दिवाणी स्वरूपाची असून अर्जदाराने सक्षम न्यायालयात दाद मागावी. पोलिसांचे कायद्याच्या दृष्टीने चूक नव्हते. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ नुसार वडील हे नैसर्गिक पालक आहेत. गीता हरिहरन प्रकरणातील १९९९ च्या निर्णयानंतर आईचे स्थानही भक्कम झाले. नैसर्गिक पालकाने आपलेच मूल सोबत नेले, तर ताब्याबाबत न्यायालयाचा मनाई आदेश नसताना ते अपहरण ठरत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२३ साली पुन्हा स्पष्ट केले. त्यामुळे पोलीस न्यायालयाकडे बोट दाखवतात. न्यायालयाकडे मात्र शोध घेणारी यंत्रणाच नाही. बेलिफ आहे, आणि तो अर्जदाराने दिलेल्या पत्त्यावरच जातो. समन्स बजावणीविना परत येते. पर्यायी बजावणी म्हणून शेवटच्या ज्ञात घराच्या दारावर नोटीस डकवतात किंवा त्या भागातील वृत्तपत्रात जाहिरात देतात. ज्याने गावच सोडले, त्याच्यासाठी जुन्या गावच्या वृत्तपत्रात जाहिरात देण्याने कायद्याची पूर्तता होते. मूल सापडत नाही.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला १८९० च्या कायद्याची रचना उद्बोधक वाटते. त्याची पुष्कळशी कलमे पाल्याच्या मालमत्तेची व्यवस्था, हिशेब आणि पालकाचे उत्तरदायित्व यांविषयी आहेत. जिल्ह्याच्या कलेक्टरला पदसिद्ध पालक नेमण्याची सोयही त्यात आहे. त्या कायद्यासमोरचे मूल म्हणजे प्रामुख्याने वारसाहक्काने इस्टेट मिळालेले अज्ञान मूल. न्यायालयाने नेमलेल्या पालकाने पाल्याला परवानगीशिवाय न्यायालयाच्या अधिकारक्षेत्राबाहेर नेऊ नये, अशी अट सव्विसाव्या कलमात आहे. पण ती नेमलेल्या पालकाला लागू होते. जन्मदात्या आईवडिलांना ती लागू व्हायची, तर न्यायाधीशाने आपल्या आदेशात तसे वेगळे लिहावे लागते. मुलाच्या जमिनीचा एक तुकडा विकायला परवानगी लागते आणि मूल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायला लागत नाही, ही विसंगती सव्वाशेहून अधिक वर्षे टिकून आहे.

आजच्या काळात माणूस शोधणे अशक्य आहे, असे कोणी म्हणू शकणार नाही. प्रत्येकाच्या मागे नोंदींची रांग आहे : आधार, भविष्यनिर्वाह निधी, बँक, शिधापत्रिका, मतदार यादी. मुलाचे नाव शाळेच्या पटावर असते आणि यूडायस प्लस प्रणालीत आता विद्यार्थीनिहाय नोंद होते. प्रश्न आहे तो या नोंदी कोणी, कोणाच्या आदेशाने आणि कोणासाठी पाहाव्यात हा. आधार कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशी माहिती उघड करण्याचा आदेश उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशापेक्षा कनिष्ठ न्यायालयाला देता येत नाही, आणि त्याआधी संबंधित आधारधारकाचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. पोटगी थकवून दिसेनाशा झालेल्या पतीचा पत्ता मागणाऱ्या हुबळीच्या एका महिलेच्या प्रकरणात कर्नाटक उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०२३ मध्ये याच अटीवर बोट ठेवले. विवाहामुळे खासगीपणाचा हक्क संपत नाही, हे त्या निर्णयातील सूत्र मला मान्य आहे. पण जो सापडतच नाही त्याला सुनावणीची संधी द्यायची कशी, याचे उत्तर कायद्यात नाही.

येथे एक गंभीर आक्षेप पुढे येतो आणि तो बाजूला सारता येणार नाही. पत्ता लपवणारी प्रत्येक व्यक्ती न्यायालयाला फसवत नसते. मारहाणीला कंटाळून मुलांसह माहेरी, मैत्रिणीकडे किंवा आधारगृहात गेलेल्या स्त्रीसाठी पत्ता गुप्त राहणे हा जिवाचा प्रश्न असतो. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याच्या (२००५) एकविसाव्या कलमानुसार भेटीमुळे मुलाचे अहित होण्याची शक्यता दिसल्यास दंडाधिकारी भेट नाकारू शकतो, आणि ते योग्यच आहे. ‘मुलाला भेटायचे आहे’ या सबबीखाली पत्नीचा माग काढणारे पुरुष मी प्रशासनात पाहिले आहेत. म्हणून शोधयंत्रणा उभारताना पहिला नियम असा हवा की पत्ता न्यायालयाला कळेल, अर्जदाराला नाही. न्यायाधीश तो मोहोरबंद ठेवेल, दुसऱ्या बाजूचे म्हणणे ऐकेल आणि मगच भेट व्हावी का, कोठे व्हावी, कोणाच्या देखरेखीखाली व्हावी, हे ठरवेल.

हा मार्ग अन्यत्र चोखाळला गेला आहे. इंग्लंडच्या १९८६ च्या कुटुंब कायद्यानुसार मुलाच्या ठावठिकाण्याची माहिती असू शकेल अशा कोणालाही ती न्यायालयाला देण्याचा आदेश देता येतो. अमेरिकेत पोटगी वसुलीसाठी उभारलेली पालकशोधाची संघराज्यीय यंत्रणा १९८० च्या कायद्याने पालकांनीच पळवलेल्या मुलांच्या शोधासाठीही खुली झाली. हिंसाचाराची नोंद असलेल्या व्यक्तीची माहिती मात्र तेथे राखून ठेवली जाते. ऑस्ट्रेलियात न्यायालय सरकारी खात्यांना मुलाच्या ठिकाणाची माहिती देण्यास सांगू शकते. या देशांची कुटुंबव्यवस्था आपल्याहून वेगळी असली, तरी नोंदवह्या आपल्याकडेही आहेत.

माणूस सापडल्यावर पुढचा प्रश्न अंमलबजावणीचा. भेटीच्या आदेशाचा भंग झाला तर आज तीन वाटा आहेत. दिवाणी प्रक्रिया संहितेखाली दरखास्त करावी, म्हणजे मालमत्तेची जप्ती किंवा दिवाणी कैद. उच्च न्यायालयात अवमान याचिका करावी, ज्यात कमाल शिक्षा सहा महिने साधी कैद आणि दोन हजार रुपये दंड. किंवा बंदीप्रत्यक्षीकरणाची याचिका करावी, जी मुलाच्या ताब्याच्या वादात केवळ अपवाद म्हणून चालते. तिन्ही वाटा खर्चिक आहेत आणि कौटुंबिक न्यायालयातून बाहेर पडलेल्या सामान्य माणसाला पुन्हा पहिल्या पायरीवर उभे करणाऱ्या आहेत.

शिवाय कैदेने नाती जुळत नाहीत. रखमाबाईंना १८८७ साली मुंबई उच्च न्यायालयाने पतीकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद भोगा, असे फर्मावले तेव्हा त्यांनी कैद पत्करण्याची तयारी दाखवली, आणि कायद्याची ताकद कोठे संपते हे साऱ्या देशाला दिसले. तो प्रश्न निराळा होता. एका स्त्रीच्या स्वातंत्र्याचा होता. पण घरातल्या नात्यांवर तुरुंगाचा धाक चालवताना आजच्या न्यायाधीशानेही विचार करावा, कारण त्या तुरुंगात जाणारी व्यक्ती बहुधा मुलाचा रोजचा सांभाळ करणारी असते.

म्हणून उपाय पायरीपायरीने चढत जाणारे हवेत. पहिल्याच तारखेला दोन्ही पालकांकडून पत्ता, दूरध्वनी आणि मुलाची शाळा बदलल्यास ठरावीक दिवसांत न्यायालयाला कळवण्याची हमी घ्यावी. बुडालेल्या भेटीची भरपाई पुढच्या सुट्टीत जादा दिवस देऊन करावी. पुन्हा भंग झाल्यास प्रवासखर्च आणि दाव्याचा खर्च भरायला लावावा, अनामत घ्यावी. समन्स चुकवून परदेशी राहणाऱ्याचे पारपत्र जप्त करण्याची तरतूद पारपत्र कायद्यात आहेच, ती वापरावी. सारे थकल्यावर ताब्याचा फेरविचार व्हावा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांचे विधी स्वयंसेवक गावोगाव आहेत. शोध आणि देखरेखीखालील भेट या दोन्ही कामांत त्यांची मदत घेता येईल. आणि संसदेने एक छोटे कलम करून कौटुंबिक न्यायाधीशाला मुलाचा ठावठिकाणा नोंदींमधून मोहोरबंद स्वरूपात मागवण्याचा अधिकार द्यावा. विधी आयोगाने मे २०१५ मधील २५७ व्या अहवालात संयुक्त ताबा व भेटीच्या व्यवस्थेबाबत सविस्तर शिफारशी केल्या, पण तो अहवाल धूळ खात पडला आहे. पालकाने परदेशात नेलेल्या मुलांसंबंधीच्या १९८० च्या हेग करारावरही भारताने अद्याप सही केलेली नाही.

या साऱ्यात सर्वांत मोठा अन्याय कालहरणाचा आहे. सहा वर्षांचे मूल नेले गेले आणि ते सापडायला चार वर्षे लागली, तर न्यायालयापुढे दहा वर्षांचे, दुसऱ्या पालकाला न ओळखणारे मूल उभे राहते. ते आता नव्या शाळेत रुळले आहे आणि त्याची स्वतःचीही इच्छा विचारात घ्यावी, असा युक्तिवाद होतो. मुलाच्या हिताच्या दृष्टीने तो बहुधा योग्यच असतो, आणि म्हणूनच न्यायाधीशाचा नाइलाज होतो. आदेश मोडणाऱ्याला त्याच्याच विलंबाचे फळ मिळते. वर्षे निघून गेल्यावर कितीही शहाणा न्यायाधीश ती परत देऊ शकत नाही. पहिला शनिवार बुडाला त्याच आठवड्यात मूल कोठे आहे हे विचारण्याचा आणि उत्तर मिळवण्याचा अधिकार मात्र आपण त्याला आजच देऊ शकतो.