हंगाम संपला, आता काळजीचे दिवस

"संपले ना एकदाचे तुमचे क्रिकेट? आता तरी सुट्टीच्या दिवशी माळ्यावरचे डबे खाली निघतील." रणजी स्पर्धेतले महाराष्ट्राचे सामने संपले की हे वाक्य आमच्या घरी दरवर्षी ठरल्याप्रमाणे ऐकू येते. मीही ठरल्याप्रमाणे डबे खाली काढतो. पण डोके रिकामे होत नाही. खेळ चालू असताना माणूस धावफलकाकडे बघत असतो, काळजी करायला त्याला सवड नसते. काळजीचे खरे दिवस हंगाम संपल्यावर सुरू होतात.

आम्ही पिरंगुटकर. पौड रस्त्याने पुण्याहून ताम्हिणीकडे जाताना लागणारे आमचे गाव आता निम्मे कारखान्यांचे आणि निम्मे भातखाचरांचे राहिले आहे. गहुंज्याचे मोठे स्टेडियम आमच्यापासून फार लांब नाही. घोटावडे फाट्याने माण-हिंजवडी ओलांडली की तासाभरात माणूस तिथे पोहोचतो, वाहतूक आडवी आली नाही तर. आयपीएलच्या दिवशी तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही. रणजीच्या दिवशी मी गेलो आहे तेव्हा खुर्च्या मोजण्यापेक्षा माणसे मोजणे सोपे होते. शेजारच्या खुर्चीवर डबा, पलीकडच्या खुर्चीवर टोपी, आणि समोर चार दिवसांचा सामना. माझ्या मते याहून स्वस्त आणि चांगली सहल पुण्याच्या आसपास नाही.

कुणी विचारील, एवढे संघ असताना याच संघाचा ध्यास कशाला? त्याला कारण आहे. पुणेकरांनी गेल्या काही वर्षांत बरेच संघ भाड्याने वापरून पाहिले. पुणे वॉरियर्स २०११ मध्ये आला आणि २०१३ मध्ये गेला. रायझिंग पुणे सुपरजायंट २०१६ मध्ये आला, २०१७ चा अंतिम सामना मुंबईकडून अवघ्या एका धावेने हरला आणि त्यानंतर दिसलाच नाही. फुटबॉलचा एफसी पुणे सिटी २०१४ ते २०१९ एवढाच काळ टिकला. आमच्या घरात या तिन्ही संघांचे टी-शर्ट आहेत. आता त्यांनी गाडी पुसतो. महाराष्ट्राचा रणजी संघ मात्र कुणा मालकाला गुंडाळता येत नाही. तो हरेल, पण उद्या असेल.

प्रश्न असा आहे, की तो नुसताच असेल का?

इतिहास काढला तर छाती फुगते. महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला. कर्णधार होते प्रा. दि. ब. देवधर, संस्कृतचे प्राध्यापक. विजय हजारे यांनी १९३९-४० मध्ये बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. रणजीतले ते पहिले त्रिशतक. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात भाऊसाहेब निंबाळकर यांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनचा तेव्हाचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर आला असताना पाहुण्या संघाने पुढे खेळायलाच नकार दिला. शंतनू सुगवेकर १९८८-८९ मध्ये २९९ वर नाबाद राहिले, कारण दुसऱ्या टोकाला कुणी उरलेच नाही.

पण जिंकलेला करंडक शोधायला गेलो तर १९४१ च्या अलीकडे काही सापडत नाही. १९७०-७१ च्या अंतिम सामन्यात मुंबईने हरवले, १९९२-९३ मध्ये लुधियानात पंजाबने आणि २०१३-१४ मध्ये हैदराबादला कर्नाटकने. २०१४-१५ मध्ये उपांत्य फेरीपर्यंत मजल गेली. त्यानंतर २०१५-१६ ते २०२४-२५ या काळात, करोनामुळे न झालेले एक वर्ष वगळता, नऊ हंगाम झाले. या नऊ हंगामांत आपण एकदाही बाद फेरी गाठली नाही. जानेवारी २०२० मध्ये दिल्लीला सेनादलाने आपल्याला ४४ धावांत गुंडाळले. ज्या संघाच्या एका फलंदाजाने ४४३ केल्या, त्याच संघाच्या अकरा जणांच्या मिळून ४४! जानेवारी २०२३ मध्ये ब्रेबॉर्नवर तर नियतीने थट्टाच केली. आपल्या पहिल्या डावात ३८४, मुंबईच्याही बरोबर ३८४. आघाडी कुणालाच नाही, सामना अनिर्णित, आणि दोघेही घरी.

मुंबईला घरी बसणे परवडते. तिच्याकडे ४२ करंडक आहेत. आपली खरी तुलना विदर्भाशी करायला हवी. एकाच राज्यात तीन संघ. त्यांतला विदर्भ आमच्या तरुणपणी कुणाच्या गणतीत नव्हता. त्या विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा करंडक नेला. मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर अंतिम सामना मुंबई आणि विदर्भ यांच्यात झाला. म्हणजे राज्यातले तीनपैकी दोन संघ मैदानात आणि तिसऱ्याचा मी चाहता, घरी टीव्हीसमोर. कोणाच्या बाजूने ओरडावे हेच कळेना. शेवटी चहा करायला उठलो.

विदर्भाला हे कसे जमले? लोक पटकन दोन नावे सांगतात: प्रशिक्षक चंद्रकांत पंडित आणि मुंबईहून आलेला वसीम जाफर. दोघांचा वाटा मोठा होता यात शंका नाही. पण ते सामने आठवून पाहा. दिल्लीविरुद्धच्या पहिल्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीने हॅटट्रिक घेतली. सौराष्ट्राविरुद्धच्या दुसऱ्या अंतिम सामन्यात आदित्य सरवटेने अकरा गडी बाद केले. २०२४-२५ मध्ये हर्ष दुबेने ६९ बळी घेऊन रणजीच्या एका हंगामाचा विक्रम केला. हे तिघेही विदर्भातच वाढलेले गोलंदाज आहेत. बाहेरून आणलेल्या थोर फलंदाजाने धावा केल्या, पण गडी घरच्या मुलांनी बाद केले. चार दिवसांच्या सामन्यात पूर्ण विजय हवा असेल तर साधारणपणे वीस गडी बाद करावे लागतात. चारशे धावा करून तुम्ही फार तर हरत नाही.

आपल्या २०१३-१४ च्या हंगामाचीही गोष्ट तीच आहे. आज सगळ्यांना आठवतात त्या केदार जाधवच्या १२२३ धावा. पण वानखेडेवर मुंबईला हरवताना आपण पहिल्या डावात पिछाडीवर होतो. मुंबईचा दुसरा डाव १२९ धावांत आटोपला म्हणून तो विजय शक्य झाला. उपांत्य सामन्यात बंगालचा पहिला डाव ११४ धावांत संपवला तेव्हाच अंतिम फेरी दिसू लागली. समद फल्ला, अनुपम संकलेचा, श्रीकांत मुंढे ही नावे आज किती घरांत निघतात? महाराष्ट्राने नेहमीच फलंदाजांची पूजा केली आणि गोलंदाजांकडे पंगतीत वाढप्यांकडे बघतात तसे पाहिले.

म्हणून मला हंगामानंतरच्या महिन्यांची धास्ती वाटते. हे महिने खरेदीचे असतात. अमुक येणार, तमुक जाणार, याच्या बातम्या येतात आणि आम्ही चाहतेही त्यावर खूश होतो. २०२५ मध्ये मुंबईचा पृथ्वी शॉ आणि केरळकडून खेळणारा जलज सक्सेना आपल्याकडे आले. मी स्वतः पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. तिरुवनंतपुरमच्या पहिल्याच सामन्यात धावफलकावर शून्य असताना आपले तीन गडी बाद झाले आणि अठरावर पाच. ऋतुराज गायकवाडने ९१ आणि अडतिशीतल्या जलजने ४९ करून अब्रू राखली. पुढे चंडीगडविरुद्ध शॉने २२२ धावांची खेळी केली आणि आपण जिंकलोही. पण हंगामाअखेरीस गटातून कर्नाटक आणि मध्य प्रदेश पुढे गेले. पाहुणे आले, पंगत सजली, आणि घर होते तिथेच राहिले.

माझी भाची अमेरिकेत सेंट लुईसला असते. तिथे बेसबॉलचे वेड आहे. तिच्याकडून कळले, की हिवाळ्यात खेळ बंद असताना तिकडचे चाहते खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या गप्पा मारतात, आणि त्या गप्पांना 'हॉट स्टोव्ह लीग', म्हणजे शेगडीभोवतीची स्पर्धा, असे नावच आहे. आपल्यासारखे लोक तिकडेही आहेत हे ऐकून बरे वाटले. शिकागोच्या कब्ज संघाच्या चाहत्यांनी तर १९०८ नंतर थेट २०१६ पर्यंत विजेतेपदाची वाट पाहिली. एकशे आठ वर्षे! त्या मानाने आम्ही अजून तरुण आहोत.

पण त्याहून महत्त्वाची गोष्ट सेंट लुईसचीच आहे. शंभर वर्षांपूर्वी तिथला कार्डिनल्स संघ गरीब होता. तयार खेळाडू विकत घेताना श्रीमंत संघ त्याला मागे टाकीत. तेव्हा ब्रँच रिकी नावाच्या व्यवस्थापकाने वेगळा विचार केला. तयार माणूस परवडत नाही ना, मग आपणच वाढवू. त्याने लहानसहान गावांतले छोटे संघ हाताशी धरले, तिथे पोरे वाढवली आणि त्यांतली उत्तम तेवढी वर आणली. या पद्धतीला तिकडे 'फार्म' म्हणतात, म्हणजे चक्क शेत. पुढे त्या संघाने विजेतेपदे मिळवली आणि बाकीच्यांनीही तोच मार्ग धरला. मुळशीतल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. भाताचे रोप आधी एका कोपऱ्यात दाट वाढवायचे, मग पावसात लावणी करायची. रोपच टाकले नाही तर लावणीच्या दिवशी बाजारात धावून काय मिळणार?

आणि बियाण्याची आपल्याकडे वाण नाही. भात निघाला की आमच्या खाचरांत टेनिस बॉलचे सामने सुरू होतात. माझा पुतण्या त्यांतलाच एक. सतरा वर्षांचा, उंच, आणि चेंडू असा जोरात टाकणारा, की शेजारच्या गावाचे लोक त्याला बघायला थांबत. मीच त्याला लेदर बॉलच्या नादाला लावले. पुण्याला एका प्रशिक्षणवर्गात घातले. पहाटेची बस, चांदणी चौकातली गर्दी, बूट, चेंडू, फी. त्याच्या वडिलांनी एक शब्द न काढता खर्च केला. दोन पावसाळे गेले. पावसात सराव बंद, आणि बंद नसेल तेव्हा नेटमध्ये त्याने मोठ्या फलंदाजांना चेंडू टाकायचे. त्याच्या स्वतःच्या गोलंदाजीकडे कुणी फारसे पाहिलेच नाही. तिसऱ्या वर्षी त्याने कंपनीत नोकरी धरली. आता रविवारी टेनिस बॉल खेळतो. दोष मी कुणा एकाला देत नाही. पण एवढे कळले, की गावातल्या मुलाच्या दृष्टीने 'ऑफ सीझन' म्हणजे रोप सुकण्याचा काळ.

पैशांचे गणितही मुलांना कळते. रणजीत नवा खेळाडू दिवसाला ४० हजार रुपये मिळवतो. साखळीतले सात सामने, प्रत्येकी चार दिवस, म्हणजे सव्वाअकरा लाखांच्या आत, तेही सगळे सामने मिळाले तर. आयपीएलच्या करारात २०२५ पासून किमान आकडाच ३० लाखांचा आहे. मग मुलगा चार षटके टाकायला शिकणार की वीस? २०२३ मध्ये सुरू झालेल्या महाराष्ट्र प्रीमियर लीगमुळे रत्नागिरी, सोलापूर, कोल्हापूरच्या मुलांना टीव्हीवर दिसण्याची संधी मिळाली, ही चांगलीच गोष्ट झाली. त्या मांडवातही सगळी रोषणाई चौकार-षटकारांवरच असते. तिसऱ्या दिवशी दुपारी जुन्या चेंडूने गडी कसा बाद करायचा, हे त्या तीन तासांच्या खेळात शिकायला मिळत नाही.

तेव्हा येत्या सुट्टीच्या महिन्यांत माझ्यासारख्या चाहत्याची मागणी साधी आहे. एक पाहुणा फलंदाज कमी आणा, पण त्या पैशांत दहा गोलंदाज वाढवा. तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर २०२२ मध्ये १९ वर्षांखालील विश्वविजेत्या भारतीय संघात होता. म्हणजे वेगवान चेंडू टाकणारे हात जिल्ह्यांत आहेत. त्यांच्यासाठी पावसाळ्यात छपराखालची एखादी खेळपट्टी, राहण्याजेवणाची सोय आणि दोन-तीन दिवसांचे भरपूर सामने हवेत. जलजसारखा अनुभवी माणूस आणायचाच, तर त्याच्या हाताखाली दोन पोरे देऊन आणावा. जाताना तो नुसते बळींचे आकडे ठेवून गेला, तर आपण फक्त भाडे भरले असे होईल.

यातले सगळे एका पावसाळ्यात होणार नाही, हे मलाही कळते. देवधरांच्या संघाला जाऊन पंच्याऐंशी वर्षे झाली, अजून पाच गेली तरी चालतील. फक्त त्या पाच वर्षांत रोप टाकलेले दिसले पाहिजे.

माळ्यावरचे डबे काढताना परवा पुतण्याचा लेदर बॉल सापडला. एका बाजूने लकाकी तशीच होती. हिने विचारले, "हा टाकून देऊ का?" मी म्हटले, "राहू दे." संध्याकाळी शेजारचा आठवीतला मुलगा दारात उभा होता, तो चेंडू हातात घेऊन शिवण कशी धरायची ते विचारत होता. पुतण्या कंपनीतून आला होता. हातपाय न धुताच त्याने ओट्यावर बसून त्याला बोटे दाखवली.