सापाची ‘लस’ नसते

रात्री उसाला दारे धरताना घोणस चावली, की बोरी बुद्रुकपासून नारायणगावपर्यंत कोणत्याही दवाखान्यात नातेवाईक आधी विचारतात, ‘सापाची लस आहे ना?’ वर्तमानपत्रांतही हाच शब्द छापून येतो आणि आपल्या डॉक्टरांपैकीही अनेक जण तोच वापरतात. तो आपण सोडावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

‘लस’ हे मुळात औषधाचे नाव नव्हे. फोडातून, जखमेतून पाझरणारा पातळ, चिकट द्रव म्हणजे लस. चरकाने कुष्ठात बिघडणाऱ्या घटकांत त्वचा, मांस, रक्त यांच्या जोडीला सांगितलेली लसीका याच कुळातली. 14 जून 1802 रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला गोस्तनी देवी टोचली गेली आणि भारतातली पहिली लस यशस्वी झाली. मग तिच्या फोडातला द्रव घेऊन इतरांना टोचले. एका दंडातून दुसऱ्या दंडात जाणारा तो द्रव खरोखरच लस होता. खेड्यांत यालाच ‘देवी काढणे’ म्हणत.

पुढे द्रव बदलला, पण नाव तेच राहिले. हाफकिन यांनी 10 जानेवारी 1897 रोजी मुंबईत स्वतःला टोचून घेतलेली प्लेगची लस मेलेल्या जंतूंची होती. पोलिओची लस थेंबांनी तोंडात गेली. पुण्यात तयार झालेल्या एमआरएनए लशीत तर रोगजंतूच नाही. तरी या सगळ्या लशीच, कारण प्रतिपिंडे बनवायला त्या शरीरालाच शिकवतात.

सर्पदंशावर देतात ते प्रतिविष मात्र शरीराला काहीच शिकवत नाही. घोड्याला थोडे थोडे विष टोचून त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे आपण रुग्णाला आयती देतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषावर ती चालतात आणि काही दिवसांत शरीरातून निघून जातात. पुढच्या दंशाला त्यांचा उपयोग नाही.

‘लस’ म्हटले, की लोकांच्या मनात येते ती सगळ्यांना द्यायची एक सुई. म्हणून बिनविषारी साप चावलेलाही ती मागतो, आणि रक्त गोठते का हे पाहायला 20 मिनिटे थांबणारा डॉक्टर त्याला टाळाटाळ करणारा वाटतो. आठ-दहा कुप्या का लागतात, लहान मुलालाही तेवढ्याच का, ॲनाफिलॅक्सिसची तयारी आधी का ठेवायची, हे गडबडीत पटवणे कठीण जाते. एकदा वाचलेला माणूस पुढच्या वेळी ‘माझी लस झालीय’ म्हणून घरी थांबला, तर जिवावर बेतेल.

कुत्र्याच्या खोल चाव्यात तर दोन्ही गोष्टी एकाच रुग्णाला लागतात. जखमेत आयती प्रतिपिंडे भरायची आणि 0, 3, 7 व 28 व्या दिवशी त्वचेत लस द्यायची. दोहोंना एकच नाव दिले, तर पहिल्याच दिवशी ‘लस झाली’ असे समजून रुग्ण पुढच्या सुया चुकवू शकतो.

नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांच्यासारख्यांनी जुन्नर भागात सर्पदंशाचा रुग्ण मांत्रिकाकडे न जाता दवाखान्यात यावा म्हणून मोठे काम केले आहे. रुग्ण आता येतो आहे. त्याला काय देतो आहोत, हे योग्य शब्दांत सांगणे आपल्या हाती आहे. केसपेपरवर ‘प्रतिविष’ लिहा, नातेवाइकांना ‘विषावरचे औषध’ म्हणा, आशाताईंच्या बैठकीत दोहोंतला फरक समजावून द्या. ‘लस’ हा शब्द लशीपुरताच राहू द्या.